उसनं बोट

मपल्या दादाच्या साखरपुड्याच्या अंगठीचा हिरा मी निवडला, हे चौसाळ्यात सगळ्यांना म्हाईत हाय. तिकडं दिंद्रुडात, वहिनीच्या माहेरी बी म्हाईत हाय. पण त्योच हिरा मी कावून निवडला, ते फक्त घरातल्या तिघांना म्हाईत हाय. ते सांगायलाच बसलेय.

मी तवा तेरा वर्षांची होते. दादा हैदराबादेत वकिलीच्या इम्तिहानाला बसायचा होता. वर्षातून दोनदा घरी यायचा, दिवाळीला आन् उन्हाळ्यात. तेवढे दिवस त्यो मपला. अंगणात धूळपाटी घेऊन त्यानंच मला अक्षरं शिकवली. आई वरडायची, "पोरीला वाचायला शिकवून काय तहसीलदार करायचंय का?" दादा म्हणायचा, "हो, तवा तू तिच्या कचेरीत चहा घेऊन जा." मी खिदळायचे. ऱ्हायलेलं सगळं वर्ष मी त्या दिवसांवर काढायचे.

तर त्या दिवाळीला त्यो आला. हातपाय धुतले, पाणी पिला, आन् आबांपुढं बसून पहिलं काय बोलला? तर अंगठी.

"आबा, साखरपुड्याला मुलीला अंगठी घालायची."

"घालू की. सोनार काय गाव सोडून गेलाय?"

"तसली न्हाई. गुलाबी सोन्याची पायजे. वर एकच हिरा. हैदराबादेत आता तशीच घालायलेत."

आईनं चुलीपसून मान वळवली. "सोनं कवा गुलाबी असतंय का रे? गुलाल हाय का त्यो?"

"सोन्यात तांबं मिसळायचं, आई. मग लालसर झाक येते."

आबा चुना मळायलते, त्यांचा अंगठा तसाच थांबला. "लोकं सोन्यातलं तांबं निघावं म्हणून सोनाराशी भांडत्यात, आन् हे आमचं दिवटं सांगून घालायलंय! तांबंच द्यायचं तर घागर दे की तिला. पाणी तरी भरंल."

मी सगळ्यात मोठ्यानं हसले. हसता हसताच दादाचं पुढचं बोलणं कानावर आलं आन् मपलं हसू गेलं.

"पिवळं सोनं तिच्या हाताला शोभायचं न्हाई, आबा. तिचा रंग गव्हाळ हाय. लालसर सोनं उठून दिसंल."

आता बघा. दादानं तिला एकदाच बघितलंतं. दिंद्रुडला, चार माणसांत, मान खाली घालून बसलेली. तेवढ्यात ह्यानं तिच्या हाताचा रंग बघून ठिवला! आन् मपले हात? तेरा वर्षं बघायलाय. मागच्या खेपंला हैदराबादेहून मला लाखेच्या बांगड्या आणलत्या, त्या येवढ्या ढिल्या की हात खाली केला की सुटून पडायच्या. एक तर शेणाच्या पाटीत गेली. सख्ख्या बहिणीचं मनगट येवढं का तेवढं ते ज्याला ठावं न्हाई, त्यो परक्या पोरीच्या बोटाचा रंग सांगायलाय.

तिथून मपल्या पोटात जे पेटलं ते काय इझंना.

दोन दिवसांनी दिंद्रुडाहून त्यांचा न्हावी आला. पोरीच्या बोटाचं माप म्हणून त्यानं हळदीचा दोरा आणलता, गाठ मारून. दादानं त्यो असा घेतला, असा घेतला, जसा काय देवाचा गंडा. मग घरातल्या बायांच्या बोटात घालून बघायला लागला. आईच्या बोटात शिरंना. चुलतीच्या बोटात फिरायला लागला. मपल्या बोटात घातला तर असा बसला, जसा मपल्याच मापाचा.

"झालं काम!" दादा वरडला. "आता हिलाच बीडला नेतो. हिच्या बोटावर बघून हिरा घेऊ."

आई म्हणली, "ने की. डाळीतला खडा हिला जसा दिसतो तसा कुणालाच दिसत न्हाई. खडाच निवडायचाय न्हवं? मग हिच्याइतकं कोण हाय?"

सगळे हसले. पण ते खरं होतं. आमच्या घरी दोन पायलीची तूर मपल्यापुढं ठिवायचे आन् मी गप्पा मारता मारता निवडायचे. घासात कवा खडा आला न्हाई. गावात लगीन असलं की बाया डाळ निवडायला मला बोलवायच्या. दादाला त्याचं लई कौतुक. त्यो म्हणला, "चल, आता डाळीतला न्हाई, सोन्यातला खडा निवड."

मला जायचं न्हवतं. आन् जायचं बी होतं. बीड बघायला भेटणार, दिवसभर दादाच्या शेजारी बैलांच्या दमणीत बसायला भेटणार. पण कशासाठी? तर तिच्या बोटाच्या जागी मपलं बोट न्यायचं म्हणून. उसनं बोट. काम झालं की परत.

पहाटंच निघालो. वाटंत दादानं मला पेरू दिला, हैदराबादेच्या गोष्टी सांगितल्या. त्यात दर दोन गोष्टींनी ती यायचीच. "तिला हे दाखवीन. तिला ते आवडंल." शेवटी मी म्हणलं, "अरं, तिला काय आवडतं ते तुला कुणी सांगितलं?" तर म्हणला, "कुणी न्हाई. वाटतंय." वाटतंय! मी पेरूच्या बिया थुकत बसले.

बीडात सोनाराच्या पेठंला लागून एक बोळ हाय, त्यात एक चाचा बसायचे. ते सोनार न्हवते, जडिया होते, म्हंजे दागिन्यात खडे बसवणारे. मेंदीनं रंगवलेली दाढी, डोळ्यावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. दादाला म्हणले, "आवो वकीलसाब." इम्तिहान झाला बी न्हवता, तरी दादा कसा फुलला ते बघायला पायजे होतं.

"गुलाबी सोना? हौ, बनता है. हैदराबाद के नवाबां मंगातें ऐसा." मग मपल्याकडं बघून आमच्या बोलीत म्हणले, "ही नवरी का?"

"न्हाई न्हाई," दादा म्हणला, "बहीण हाय. बोट तेवढं सारखं हाय."

बोट तेवढं सारखं हाय. ऐकलं का?

चाचांनी मला उत्तरंच्या खिडकीत बसवलं. ऊन नको, म्हणले, उन्हात काच बी हिरा दिसते. मग त्यांनी तांब्यासोन्याची न्हाई, एक साधी पितळंची अंगठी मपल्या बोटात घातली, तिच्यावर मेणाची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी लावली, आन् चिमट्यानं एकेक हिरा त्या मेणावर ठिवून दाखवायला लागले. हात हालवायचा न्हाई. मी श्वास बी धरून ठिवला.

पहिला हिरा मोठा होता. दादाचे डोळे मोठे झाले. मी वाकून बघितलं आन् सवयीनं तोंडातून निघून गेलं, "ह्याच्यात तर खडा हाय!"

"खड्यात खडा?" दादा हसला.

पण चाचा हसले न्हाईत. त्यांनी चष्मा वर केला, हिरा नखावर घेऊन उलटा केला. आत खालच्या अंगाला बारीक काळं होतं, कावळ्याच्या पावलावानी. "या अल्ला," ते म्हणले, "मी चार दिन से बघायलोय, मला न्हाई दिसलं. ये लडकी की नजर क्या है!"

दादानं मपल्या पाठीत धपकन मारलं. त्याला वाटलं शाबासकी. मला वाटलं, मेले मी. गप बसले असते तर कावळ्याचं पाऊल तिच्या बोटावर गेलं असतं. आपलीच जीभ आपल्याला नडली. तवाच मी ठरवलं, आता पुढं सवयीनं बोलायचं न्हाई, विचार करून बोलायचं.

दुसरा हिरा चाचांनी मेणावर ठिवला.

त्याचं काय सांगू. त्यो पांढरा होता असं म्हणलं तर खोटं हुईल. त्याला रंगच न्हवता. आमच्या आडात सकाळी पोहरा सोडायच्या आधी जे पाणी असतंय, आजून कुणी हालवलेलं नसतंय, तसं. चाचांनी त्याच्यावर फुंकर मारली. काचंवर वाफ धरून ऱ्हाते, ह्याच्यावर धरलीच न्हाई. "ह्याचं पाणी बघा," ते म्हणले. मी बघायलेच होते. मपला हात मला ओळखू येईना. शेणाचा, चुलीचा, कापूस वेचून चिरलेला त्यो हात, आन् त्याच्यावर ते पाणी. मला त्यो पायजे होता. मला, तिला न्हाई. मपल्या सोयरिकीचं बी बघायलते तवा, पण मला कोण हिरा घालणार? नारळ आन् लुगडं भेटलं तरी लई.

तिसरा हिरा त्याच्याएवढाच, पण पिवळट. निवळ पाण्याला हळदीचं बोट लागल्यावानी.

"हा शरबती हाय," चाचा म्हणले.

"शरबती म्हंजे?" मी इचारलं.

"म्हंजे सफेद न्हाई. नंबर लावायचा तर सफेद पहिला, शरबती दुसरा."

बस. मला येवढंच पायजे होतं.

दादा कवा दुसरा बघायचा, कवा तिसरा. आवडला होता त्याला दुसराच, दिसायलं होतं. पण त्यानं मपल्याकडं बघितलं. "तू सांग गं. तुपल्या डोळ्यावर मपला इश्वास हाय."

मी तिसऱ्याकडं बोट केलं. "ह्यो."

"ह्यो? पिवळट न्हाई का वाटत?"

"दादा, तुला काय कळतंय? पांढरा लई थंड दिसतोय. ह्यात जीव हाय बघ." कुठून सुचलं कुणास ठाऊक. खोटं बोलायला बसलं की तोंडाला कशी धार येते. चाचांनी चष्म्यावरून मपल्याकडं एकदा निरखून बघितलं. मला वाटलं, ह्यांना कळलं. पण त्यांनी नुसता चिमटा उचलला. शरबती हिरा कागदाच्या पुडीत घातला आन् बाजूला ठिवला. दादानं मला पेढे घेतले, अर्धा शेर. मी दमणीत बसून सगळे खाल्ले, एक बी कडू लागला न्हाई. खरं सांगायलेय.

सोनाराकडून अंगठी घडून खडा बसायला आठ दिवस लागणार होते. ते आठ दिवस मी लई मजेत काढले. दादा गावभर सांगत फिरायचा, "हिऱ्यातला डाग जडियाला दिसला न्हाई, आमच्या पोरीला दिसला." आबा म्हणले, "पोरगी कामाची हाय." मी मान खाली घालून लाजल्यासारखं करायचे आन् मनात म्हणायचे, दुसऱ्या नंबरचा. तिच्या बोटात दुसऱ्या नंबरचा. जलमभर बसूं दे तिला पिवळट खडा बघत. मला ठावं असंल, तिला न्हाई.

आठ दिवसांनी परत बीड. बोट तपासायला मी लागणारच होते.

चाचांनी कापसातनं अंगठी काढली आन् मपल्या बोटात सरकवली. मी खाली बघितलं.

आगं आई गं.

ते सोनं पिवळं न्हवतं, तांबडं बी न्हवतं. दूध आटत आल्यावर कडंला जी साय तांबूस होते ना, त्या रंगाचं. आन् त्याच्यात त्यो हिरा. पिवळट कुठं गेला त्याचा रंग? आतून उजेड लावल्यावानी दिसायलता. ते सोनं आन् त्यो खडा जसे काय एकाच आईची लेकरं. मी हात हालवला की त्यो मधाच्या थेंबावानी चमकायचा. 

"चाचा," मी म्हणले, मपला आवाज मलाच बारीक लागला, "त्यो पांढरा हाय का आजून?"

"हाय की." त्यांनी पुडी सोडली. एक दुसरी लाल सोन्याची अंगठी होती, तिच्यावर मेण लावून पांढरा हिरा बसवून दाखवला. आन् काय सांगू, ते आडातलं पाणी गढूळ झालं. सोन्याचा तांबूस रंग त्याच्यात उतरला आन् त्यो कळकट दिसायला लागला, लाल मातीत पडलेल्या काचंवानी.

"सफेद पत्थर लाल सोने में मरता है," चाचा म्हणले. "ज्याच्या अंगात थोडा पिवळा हाय, त्योच लाल सोन्यात खुलतो. मी त्या दिवशी काय बोललो न्हाई. म्हटलं, बघू तर पोरगी काय उचलते. आन् बेटी, तू बरोब्बर उचललं. उस्ताद हाय तू."

"तुला कसं कळलं गं?" दादानं इचारलं.

"दिसलं," मी म्हणले. आता दुसरं काय म्हणणार?

येताना दादानं परत पेढे घेतले. ह्या खेपंला मी दोनच खाल्ले.

साखरपुडा दिंद्रुडला झाला. बाया दाटून बसलेल्या, मी दादाकडची म्हणून पुढं. दादानं अंगठी दिली, तिच्या थोरल्या चुलतीनं ती तिच्या बोटात घातली आन् सगळ्या बाया वाकल्या. "आगं बया, कसला रंग!" "पिवळं न्हाई, काय न्हाई, आन् तरी सोनंच!" मी पण वाकले. मला त्यातली एक तरी खोट काढायची होती. कावळ्याचं पाऊल दिसावं, कड वाकडी असावी, बोटाला ढिली व्हावी. काय न्हाई. दादानं तिच्या हाताचा रंग बरोबर बघून ठिवलता. मपल्या बोटावर ती नुसती चांगली दिसायची, तिच्या बोटावर ती तिची दिसायलती.

मग कुणी तरी बोललं, "खडा ननंदेनं निवडलाय म्हणं."

झालं. तिच्या आईनं मपल्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "नशीब काढलं गं पोरी, अशी ननंद भेटली. स्वतःचा भाऊ तर दिलाच, वर हिरा निवडून दिला."

भाऊ दिला! मी कवा दिला?

आन् तिनं, नवरीनं, मान वर न करता पदराखालून मपला हात धरला आन् घट्ट दाबला. तिची बोटं गार पडलती. बाकी कुणाचा हात तिनं धरला न्हाई, मपलाच धरला. मला वाटलं, हिला आता सांगावं, सोड, तू ज्याच्यासाठी हात धरलास ते मी केलंच न्हाई.

तिला सांगायची हिंमत झाली न्हाई. परतीच्या वाटंला, दुपारी, बैलं पाण्यावर सोडलती आन् आबा बाभळीखाली आडवे झालते, तवा मी दादाला गाठलं.

"दादा, एक सांगू? मारशील."

"मारीन. सांग."

"त्यो हिरा मी चांगला म्हणून न्हाई निवडला. वाईट म्हणून निवडला. चाचा म्हणले दुसऱ्या नंबरचा, म्हणून. चांगला तिला भेटू ने म्हणून."

 मी वाट बघायलते, आता चापट बसंल, आता म्हणंल तुपलं तोंड बघणार न्हाई. मला तसं व्हायला पायजे होतं बी. येवढ्या दिवसांत त्यो तिच्यावर खुश होता, तिच्यासाठी फिरत होता, मपल्यावर निदान रागवावं तरी. राग तरी आख्खा मपला.

आन् त्यो हसला. येवढा हसला की पाण्यातली बैलं बिचकली आन् आबांनी टोपी तोंडावरून काढली. "काय झालं रे?" "काय न्हाई आबा!" डोळ्यातलं पाणी पुसत मला म्हणला, "आगं, येवढी जळलीस? येवढी? थांब, हे तिला सांगतो. लई हसंल ती."

"तिला न्हाई सांगायचं!" मी वरडले. "मी तुला सांगितलंय. तुला एकट्याला. घे शप्पथ."

"बरं बाई, न्हाई सांगत."

"आईची शप्पथ म्हण."

"आईची शप्पथ." पण तोंडावर हसू होतंच. वाटभर मी त्याच्याशी बोलले न्हाई.

उन्हाळ्यात लगीन झालं, वहिनी घरात आली. दादा दहा-बारा दिवस ऱ्हायला आन् हैदराबादला गेला. त्यो गेला त्या सकाळी मी गोठ्यात जाऊन रडले, तोंड धुतलं, आन् चुलीपशी आले. वहिनी दूध तापवायली होती. मला बघून म्हणली, "या आक्का." मग दुधाकडं बघतच, गालातल्या गालात, "कावून ओ आक्का, पिवळट खड्यानं मपलं वाटोळं झालं न्हाई, म्हणून रडायलाव का?"

मपल्या अंगातून जाळ निघाला. "त्यानं सांगितलं?"

"पहिल्याच दिवशी."

"आईची शप्पथ घेतलती त्यानं!"

"सासूबाई ठणठणीत हायेत की." आन् ती खुदकन हसली. मग हसू आवरून म्हणली, "रागावू नका. मला बरं वाटलं. परक्या घरात कोण तरी मपल्यावर येवढं जळतंय म्हणलं, म्हंजे मला काय तरी चांगलं भेटलं असंल. न्हाई तर कोण कावून जळंल?"

मी पाठ फिरवून निघाले होते. तर ती दुधाला म्हणल्यावानी बोलली, "आजून बी लई सांगितलंय त्यांनी. तुमी ल्हान असताना त्यांची टोपी घालून झोपायचाव ते. त्यांच्या पहिल्या जाण्याला दमणीच्या चाकाला धरून बसलताव ते. आन् तिकडं खोलीवर एकटं असल्यावर ते काय काय करत्यात ते."

तिकडं खोलीवर काय करतो, ते मला त्यानं कवा सांगितलं न्हवतं. तेरा वर्षांत एकदा बी न्हाई. मपला दादा आता मला हिच्या तोंडून ऐकायचा. असं वाटलं, त्या चुलीत हात घालावा.

दूध वर आलं. तिनं पातेलं उतरवलं, पदरानं धरून, तिच्या बोटात ती अंगठी.

मी पाट ओढला, बसले, आन् म्हणले, "मग? काय करतो तिकडं?"